दाहावर कासं

सरदारबीला माणसं तोंडावरून कमी आणि तळव्यांवरून जास्त ओळखू येत. रस्त्यात कुणी राम राम घातला तर ती आधी खाली बघे, मग वर. यात तिचा दोष नव्हता. पेठ चिंचोळी हे गाव उमरग्याकडे जाणाऱ्या सडकेवर वसलेलं. इथे उन्हाळा शिमग्याच्या आधीच येऊन बसतो आणि मृग निघाला तरी उठायचं नाव घेत नाही. अशा गावात तळपायांची आग होणं हा आजार नाही, तो गावचा रहिवासी असल्याचा दाखला आहे. आणि त्या आगीवर पेठ चिंचोळीत एकच इलाज होता: सरदारबी आणि तिची काशाची वाटी.

तळव्याला तूप चोळायचं, वाटी पालथी धरायची आणि टाचेपासून बोटांपर्यंत घासत राहायचं. थोड्या वेळात तळवा तव्याच्या बुडासारखा काळा होतो. मग सरदारबी पाय वर उचलून त्याच्या धन्याला दाखवी आणि म्हणे, "बघा, केवढी उष्णता निघाली! डोळं कसं शाबूत ऱ्हायलं तुमचं, आल्लालाच ठावं." हे ऐकल्यावर माणसाला स्वतःबद्दल फार वाटू लागे. एवढं सगळं आत घेऊन आपण आजवर हसतखेळत वावरत होतो, म्हणजे आपण काही साधेसुधे नव्हे, असं त्याला पटे.

ही वाटी सरदारबीला तिच्या सासूकडून, बिस्मिल्लाबीकडून आली होती. वाटीबरोबर एक गोष्टही आली होती. "काळं काशाचंच आसतंय गं," सासूनं मरण्याआधी तिच्या कानात सांगितलं होतं. "घासलं की कासं काळं सोडतं. उष्णता-बिष्णता काय न्हाय. पर हे तोंडातून काढलंस त्या दिवशी चूल इझली समज." सरदारबीनं ते तोंडातून काढलं नव्हतं. तिचं तोंड तसं तिखट होतं, सडकेवरच्या ट्रक ड्रायव्हरांनाही ती भीक घालत नसे, पण या एका बाबतीत ते शिवल्यासारखं बंद होतं.

निजामाच्या अमलात तिनं नायब तहसीलदाराच्या बेगमेचे तळवे घासले. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, बेगम हैदराबादेला गेली, नायब कुठे गेला ते बेगमेलाही कळलं नाही. नवीन साहेब आले, त्यांच्या पायांतले जोडे बदलले, डोक्यांवर टोप्या आल्या. चार महिने गेले आणि त्यांच्याही तळव्यांची आग होऊ लागली. राज्य कुणाचंही येवो, खुर्चीत बसलेल्या माणसाचे पाय जळतातच, हे सरदारबीला कुठल्याही पुढाऱ्याच्या आधी कळलं. त्याच ॲक्शनच्या धामधुमीत तिचा नवरा बाबामियाँ, "चार दिवस भावाकडं जाऊन येतो," म्हणून अंधारातून निघाला आणि आलाच नाही. त्याची वाट बघता बघता ती पन्नाशीला टेकली. त्या सालापासून तिच्या स्वतःच्या तळव्यांची जी आग होती, ती कुणी विचारली नाही आणि तिनंही कुणाला सांगितली नाही. वैद्याच्या घरी आजार असल्याचं कळलं तर गिऱ्हाईक कसं यायचं?

तिची बडी घरं होती. त्यातलं सगळ्यात बडं म्हणजे शरणबसप्पांचं. आडतीचं दुकान, दारात जीप, आणि शिवाय नगराध्यक्ष. शरणबसप्पांचे तळवे रुंद, मऊ आणि सदा पेटलेले. सरदारबी दर बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांच्या ओसरीवर बसे, तळवे घासता घासता त्यांना गावात कोण काय बोलतं ते सांगे, आणि पदरात जोंधळे, गूळ, ईदेला लुगडं घेऊन येई. "सरदारबी, तुमच्या हातात गुण हाय बगा," असं अप्पा म्हणत. त्या एका वाक्यावर ती आठवडाभर मान ताठ ठेवून चाले. भाजी विकणारी तुळजाबाई तिची शेजारीण आणि जिवाची. पण तुळजाबाईचे तळवे तिनं कधी घासले नव्हते. तुळजाबाईनं म्हटलं नाही, आणि सरदारबीला सुचलं नाही. तूप काय फुकट मिळतं?

मग महाराष्ट्र झाला आणि पेठ चिंचोळीला पुतळा हवासा वाटू लागला.

चौकात पुतळा पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. भांडण कोणाचा, एवढ्यावरच होतं. वरच्या आळीला एक महापुरुष पाहिजे होता, खालच्या आळीला दुसरा, आणि मधल्या आळीला त्या दोघांपैकी कुणीच नको होता. शरणबसप्पांच्या मनात त्यांचे स्वतःचे तीर्थरूप होते, पण ते मनातच होते. सभेत दोनदा खुर्च्या उचलल्या गेल्या. निवडणूक तोंडावर आली तशी अप्पांची झोप उडाली. शेवटी मुंबईत शिकून आलेल्या त्यांच्या भाच्यानं तोड काढली. त्याच्या ओळखीचा एक शिल्पकार होता, तो अमूर्त शिल्पं करी.

"अमूर्त म्हंजी?" सभेत कुणीतरी विचारलं.

"म्हंजी कुणाचाच न्हाय," अप्पा म्हणाले.

"त्वांड न्हाय?"

"न्हाय."

"मग जात बी न्हाय. बसवा!"

नगरपालिकेच्या इतिहासात ठराव एकमतानं पास होण्याची ती पहिली वेळ.

शिल्प ट्रकमधून आलं. चौथरा पुरुषभर उंच व्हायचा होता, पण कंत्राटदार अप्पांचा साडू होता. सिमेंट येता येता वाटेत ओळखीच्या घरी थांबत थांबत आलं आणि चौथरा गुडघ्याएवढाच झाला. त्यावर ते काशाचं प्रकरण बसवलं. सोहळ्यात झाकलेलं कापड ओढलं तेव्हा टाळ्या वाजवायला आलेले हात तसेच राहिले. दोन मोठाले वाक होते. एक आभाळाकडे गेलेला, दुसरा खाली वळून चौथऱ्याला टेकलेला, आणि टेकला होता तिथे परातीसारखा खोलगट, गुळगुळीत. ना नाक, ना डोळा.

"ट्रकमदी वाकलं आसंल," मागून कुणी म्हणालं.

शिल्पकार तरुण होता, दाढी होती, आवाज खोल होता. तो म्हणाला, की ही आजच्या माणसाच्या अंतरीची तगमग आहे. लोकांनी मान हलवली. सरदारबी गर्दीत सगळ्यात मागे होती. तिनं सवयीनं शिल्पाचे पाय शोधले. ते नव्हते, म्हणून ती घरी गेली. तिथेच तिची चूक झाली. थोडा वेळ थांबली असती तर पाटी वाचलेली तिनं ऐकली असती.

पाटी रामकिसननं वाचली. रामकिसन टपालखात्यातून निवृत्त झालेला. गावात काही लिहिलेलं दिसलं की ते मोठ्यांदा वाचून दाखवणं आणि वर त्याचा अर्थ सांगणं, हे त्यानं निवृत्तीनंतर अंगावर घेतलं होतं. पाटीवर तीन ओळी होत्या. पहिली ओळ शिल्पाचं नाव, दुसरी धातूचं, तिसरी पालिकेची. रामकिसननं चष्मा पुसला आणि वाचलं:

"दाह. कांस्य. जनतेस अर्पण."

"म्हंजी वो?" तुळजाबाईनं विचारलं. तिची भाजीची पाटी तिथेच चौकात असे.

"आगं सरळ हाय. दाह, म्हंजी आग. कांस्य, म्हंजी कासं. दाहावर कासं. जनतेस अर्पण, म्हंजी फुकट."

तुळजाबाईनं शिल्पाकडे पाहिलं. गुडघ्याएवढा चौथरा, बसायला ऐसपैस. समोर काशाची गुळगुळीत परात, पाय ठेवला तर नेमका मावेल अशी. तिच्या आयुष्यात सरकारनं केलेली कुठलीच गोष्ट इतकी बेतशीर बसली नव्हती. तिनं वहाण काढली, शेजारच्या भजीवाल्याकडून बोटभर तेल घेतलं, चौथऱ्यावर बसली आणि तळवा घासू लागली. थोड्या वेळात पाय उचलून बघितला. काळा!

"निगाली की गं बाई!" ती ओरडली.

आठ दिवसांत चौकात रांग लागली. हमाल आले, विड्या वळणाऱ्या बाया आल्या, बाजारचे लोक, एस.टी.तून उतरलेले पाहुणे. पाच वर्षांपूर्वी पालिकेनं दवाखाना बांधला होता, त्यात डॉक्टर अजून यायचा होता; हे मात्र आल्या दिवसापासून चालू झालं. शिल्प वर काळपट हिरवं पडत चाललं आणि खाली परातीत सोन्यासारखं लखलखू लागलं. गाव त्याला काशाबा म्हणू लागलं. ज्याला तोंड नाही म्हणून बसवला होता, त्याला गावानं नाव दिलं. दुसऱ्या बाजारी कुणीतरी नारळही फोडला, आणि त्याच्या पुढच्या जुम्याला कुणीतरी ऊद लावला.

सरदारबी आधी हसली. "गाढवं हायती. हाताची ऊब नगं का? नुस्त्या धातूनं आग जाती व्हय?" मग एकेक उंबरा बंद होऊ लागला. सावकाराच्या सुनेनं "आज नगं" सांगितलं. फौजदारीण बाईनं "पुढच्या आठवड्यात बगू" म्हटलं. तरी तिला अप्पांचा भरवसा होता. अप्पांच्या ओसरीवर ती वेळेवर जाऊन बसली. तूप आलं नाही, चहा आला नाही. आतून निरोप आला, की अप्पा चौकात गेलेत.

ती चौकात गेली. भर गर्दीत शरणबसप्पा चौथऱ्यावर बसले होते, धोतर वर घेऊन, सगळ्यांच्या देखत. निवडणूक जवळ आलेल्या माणसानं जनतेत मिसळायला हवं. पाय परातीत होता आणि तोंडानं हमालाशी गप्पा चालल्या होत्या. सरदारबीनं तो रुंद, मऊ तळवा लांबूनच ओळखला. वीस वर्षं तिच्या मांडीवर विसावलेला पाय परक्या काशावर फिरत होता. तिला असं वाटलं, की कुणीतरी आपल्या घरात शिरून आपल्याच ताटात जेवतंय. अप्पांनी तिला पाहिलं आणि थोडे ओशाळले.

"या सरदारबी! तुमी बी बगा की करून."

ती तशीच मागे फिरली. घरी येऊन तिनं वाटी चिंच-राखेनं घासली, लखलखीत केली आणि कोनाड्यात पालथी घातली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही. डब्यातले जोंधळे खाली जाऊ लागले. पण पोटापेक्षा जास्त तिला मान टोचत होती. पायांशी बसणारी बाई म्हणजे कमी, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी गावच्या नगराध्यक्षाला आपल्या मुठीत धरून "हलू नका" असं दटावलेलं नसतं.

इकडे बातमी वर्तमानपत्रात गेली आणि जिल्ह्याचे एक साहेब चौकशीला निघाले. बरोबर तो शिल्पकारही होता. रांग बघून त्याचं तोंड पांढरं पडलं. आपल्या तगमगीत भजीच्या तेलाचे थर बघून कुणाचं पडणार नाही? पण तो शिकलेला होता, लवकर सावरला. रांगेतल्या एका हमालाला त्यानं विचारलं, "हे शिल्प बघून तुम्हाला काय वाटतं?"

"गार वाटतंय साहेब," हमाल म्हणाला.

शिल्पकाराचे डोळे पाणावले. "मुंबईत एवढी प्रदर्शनं केली," तो साहेबांना म्हणाला, "पण इतकी थेट दाद कुणी दिली नाही."

साहेबांना दाद नको होती, खुलासा पाहिजे होता. हे काळं निघतं ते काय? उष्णता असेल तर पालिकेनं परवानगीशिवाय इलाज चालवला, आणि नुसता धातू असेल तर पालिका जनतेला फसवते. दोन्हीकडून अप्पा अडकत होते. अप्पांना एकदम सरदारबी आठवली. गरज पडली की मोठ्या माणसांची स्मरणशक्ती फार तल्लख होते. जीप तिच्या दारात आली.

"तुमी निस्तं सांगा, की उष्णताच हाय, जुना घरगुती इलाज हाय," अप्पांनी वाटेत बजावलं. "तुमचा शब्द गाव मानतंय."

चौक भरला होता. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही पिढीजात हे काम करता. खरं सांगा. काळं निघतं ते उष्णतेचं, का काशाचं?"

सरदारबी उभी राहिली. खरं सांगावं तर काशाबा आजच्या आज बंद पडेल. पण त्याच क्षणी कोनाड्यातली वाटीही मरेल, सासूचा शब्द मोडेल, आणि वीस वर्षं गावाला फसवलं म्हणून लोक दारावर येतील. खोटं सांगावं तर सगळी गिऱ्हाइकं काशाबाला कायमची लिहून दिल्यासारखं होईल. तिनं खाली बघितलं. समोर सगळे तळवे होते: बुटांतले, वहाणांतले, उघडे, भेगाळलेले. आणि तिला सुचलं.

"उष्णताच हाय साहेब," ती म्हणाली. अप्पांनी सुस्कारा टाकला. "पर ती जाती कुठं, ते कुणी इचारलं का?"

"कुठं?"

"काशात. म्या माझी वाटी दर पायामागं चिंच-राखेनं धुती. एकाची उष्णता दुसऱ्याला लागू नये म्हणून. ह्येला कुणी धुतलंय? समद्या गावाची आग आत साठली हाय. आता जो पाय ठिवील त्येला आधीच्याची चढंल. हमालाची अप्पांस्नी, अप्पांची हमालाला."

वरच्या आळीचे लोक खालच्या आळीच्या लोकांकडे बघू लागले, खालचे वरच्यांकडे. सावकारानं आपले पाय पंच्याखाली ओढून घेतले. ज्या गावात पाण्याचे माठ आळीआळीला वेगळे होते, तिथे उष्णता मात्र महिनाभर एका परातीत कालवली जात होती आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं! अप्पा स्वतःच्या तळव्याकडे बघत होते. रामकिसन म्हणाला, "मला वाटतच होतं." साहेबांनी चौकशी मिटवली: शिल्पाला कुणी पाय लावू नये, आणि पालिकेनं ते रोज धुवावं.

धुवायला कोण? उष्णता उतरवणं ज्याला माहीत आहे तोच. अशा रीतीनं सरदारबी पालिकेच्या कामावर लागली. बड्या घरांचे उंबरे उघडले. अप्पांच्या ओसरीवर पुन्हा तूप आलं, चहा आला. "तुमच्या हातात गुण हाय," अप्पा म्हणाले. सगळं होतं तसं झालं. फक्त चौथऱ्यावर आता कुणी बसत नव्हतं. विड्या वळणाऱ्या बाया लांबूनच त्या परातीकडे बघत आणि पुढे जात. तुळजाबाई आपल्या पाटीशी बसून एक पाय दुसऱ्या पायावर घासत राही. तिनं सरदारबीला एका शब्दानं विचारलं नाही. ते न विचारणं सरदारबीला फार लागलं. आपण अप्पांना जिंकलं, पण त्या भांडणात हरल्या त्या तुळजाबाईसारख्या. अप्पांचं कुठे काय गेलं होतं?

वैशाखात एके दिवशी फजरच्या अजानीनंतर ती नेहमीसारखी चिंच आणि राख घेऊन चौकात आली. परात घासून घासून तिनं आरशासारखी केली. तिचे स्वतःचे तळवे त्या दिवशी निखाऱ्यावर ठेवल्यासारखे झाले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती चौथऱ्यावर बसली आणि तिनं पाय परातीत ठेवला. कासं पहाटेचं गार होतं. तिनं डोळे मिटले.

"काय वो सरदारबी! समद्या गावाची चढंल की!"

तुळजाबाई भाजीची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. सरदारबीनं पाय ओढून घेतला. मग का कुणास ठाऊक, सासूनं कानात घातलेलं सगळं तिच्या तोंडातून बाहेर पडलं.

"न्हाय चढत गं. कुणाची कुणाला न्हाय चढत. काळं काशाचंच आसतंय. उष्णता-बिष्णता काय निगत न्हाय. माजी सासू बी खोटं बोलली, म्या बी खोटं बोलले. तुमच्या तोंडचं काडून घेतलं म्या."

ती तुळजाबाईच्या शिव्यांची वाट बघत बसली. तुळजाबाईनं पाटी खाली ठेवली.

"गप बसा वो," ती म्हणाली. "तुमी वाटी फिरवणाऱ्या. तुमाला काय कळतंय? ज्येचा पाय आसतो त्येला इचारा. वाटी आणलीया का?"

वाटी कमरेला होतीच. तुळजाबाईनं ती हिसकून घेतली, चौथऱ्याखाली फतकल मारली आणि सरदारबीचा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला. सरदारबी घाबरली. तिचा पाय असा कुणी कधी घेतला नव्हता, बाबामियाँनंही नाही. "आगं सोड, लोक येतील," ती म्हणाली.

"येऊ द्या. हलू नका."

तुळजाबाईला घासायचं येत नव्हतं. तिचा हात उलटा फिरत होता, बोटांकडून टाचेकडे, आणि भांडं घासावं तसा जोर लागत होता. "आगं, खालून वर!" सरदारबी ओरडली आणि ओरडता ओरडता रडू लागली. इतक्या वर्षांत तिला रडायला अशी निवांत जागा मिळाली नव्हती. तुळजाबाई घासतच राहिली. उमरग्याची पहिली एस.टी. धुरळा उडवत चौकातून गेली.

मग तुळजाबाईनं पाय उजेडाकडे धरला आणि डोळे विस्फारले.

"आगं माय! केवडं निगालंय बगा तरी!"

आणि ज्या सरदारबीला सगळं ठाऊक होतं, तिनं डोळे पुसले आणि किती निघालं ते वाकून बघू लागली.